अधिष्ठाता होऊ इच्छिणाऱ्या नव्या सहकाऱ्यास

जळगावात व्यवस्थापनशास्त्र शिकवायला नुकतीच सुरुवात करून तुम्ही पुढे अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख (डीन), होण्याची इच्छा बोलून दाखवलीत, याचा मला मनापासून आनंद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान 10 वर्षांचा अनुभव आणि 10 शोधनिबंध लागतात. म्हणून सुरुवातीची वर्षे समित्यांच्या कामात घालवू नका. मी ती घालवली आणि माझा प्रबंध रखडला.

संशोधनाचा विषय शोधायला दूर जावे लागत नाही. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वहीत मी एकदा तासभर डोके घातले होते: बागेतला भाव, कापणीची मजुरी, ट्रकचे भाडे आणि दिल्लीत माल उतरल्यावर धरलेली तूट, हे सारे पेन्सिलीने एकाच ओळीत मांडलेले होते, आणि पुरवठा साखळीचा तो धडा मी पुढे अनेक वर्षे वर्गात शिकवला.

आणखी एक गोष्ट. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात वाणिज्य व व्यवस्थापन ही एकच विद्याशाखा असल्याने अधिष्ठात्याला बी.कॉम.च्या अभ्यासक्रमाचाही विचार करावा लागतो. तेव्हा वाणिज्याच्या सहकाऱ्यांच्या तासाला, त्यांची परवानगी घेऊन, आतापासूनच अधूनमधून मागे जाऊन बसत चला.