ऑटवामधली नदीकाठची दगडांची शिल्पं बघायला कधी जावं? आई-बाबा इंडियातून येतायत, त्यांना नेण्यासारखं आहे का?

नक्की न्या, फक्त एप्रिलमध्ये येणार असतील तर आल्या आल्या नेऊ नका, तेव्हा तिथे बघायला काही नसतं. ऑटवा नदीवरच्या रेमिक रॅपिड्स या जागेची ही शिल्पं काठावर नाहीत, नदीच्या उथळ पात्रातच असतात, त्यामुळे हिवाळ्यात नदी गोठली आणि मग तो बर्फ फुटून वाहायला लागला की सगळं आडवं होतं. पाणी उतरलं की परत पहिल्यापासून रचायचं. जॉन सेप्रानो नावाच्या आर्टिस्टने 1986 मध्ये हे सुरू केलं आणि मग वर्षानुवर्षं असंच चालू ठेवलं, म्हणजे इन्स्टावर बघितलेला फोटो जुना असेल तर तेच शिल्प तिथे शोधत बसू नका. ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट, पाणी कमी असतं आणि डासही जरा कमी.

माझे सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, ते वाकून वाकून आतली सळई शोधत होते! सळई नाही, सिमेंट नाही, गोंद नाही, काही नाही. नीट बघितलं तर दगडाच्या खालच्या बाजूला बारीक उंचवटे असतात, त्यातले तीन टेकले की चुलीच्या तीन दगडांसारखं काम होतं, फक्त वरचं वजन त्या तिघांच्या मध्ये पडायला हवं. एका ठिकाणी पाटाएवढा चपटा दगड चक्क कडेवर उभा होता आणि खाली टेकलेली जागा जेमतेम दोन बोटं, त्यापुढे आम्ही किती वेळ उभे होतो काय सांगू. दगड इथलेच, नदीतले, चुनखडीचे. जवळून बघा, काहींमध्ये 45 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे ठसे दिसतात, बाबांना आवड असेल तर नक्की दाखवा, मला तर शिल्पांपेक्षा तेच भारी वाटतं.

हात मात्र लावू नका, लहान मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा.

जायचं सोपं आहे, डाउनटाउनच्या पश्चिमेला, पार्किंग आहे, किंवा टनीज पाश्चर या ट्रेन स्टेशनवरून चालत जाता येतं. गुडघे दुखत असतील तरी पाथवेवरून बऱ्यापैकी दिसतं, खाली पाण्याजवळचे दगड निसरडे असतात तिथे ज्येष्ठांना नेऊ नका. उन्हाळ्यात वीकेंडला तिथे जायचा नदीकाठचा रस्ता, म्हणजे पार्कवे, गाड्यांना बंद आणि सायकलवाल्यांना खुला ठेवतात, टायमिंग आधी चेक करा नाहीतर संध्याकाळीच जा, फोटोही छान येतात. आणि बदकांना चिवडा घालायला निघतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.