लहानपणी सगळ्या लशी झाल्या आहेत, मग चाळिशीत पुन्हा कशाला?

सगळ्या लशी सारख्या टिकत नाहीत म्हणून.

गोवराचे दोन डोस झाले असतील, तर बहुतेकांना पुन्हा लागत नाही. (दुसरा डोस मुख्यतः, पहिला ज्यांना लागू पडत नाही अशा शंभरातल्या सहा-सात जणांसाठी असतो.) धनुर्वाताचं मात्र वेगळं. त्याचे जंतू मातीत असतात, माणसाकडून माणसाला लागत नाहीत. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी तुम्ही वाचत नाही. शिवाय लशीचा प्रभाव हळूहळू उतरतो. म्हणून दर 10 वर्षांनी एक डोस. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला 5 वर्षं उलटली असतील, तर लगेच. प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन घ्यायची गरज नाही.

घरात कोणी आई होणार असेल, तर मी सगळ्यात आधी डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल सांगेन. बऱ्याच देशांत ती प्रत्येक गरोदरपणात, साधारण 27 ते 36 आठवड्यांत देतात, मागच्या खेपेला घेतलेली असली तरी. आईची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाची स्वतःची लस सुरू होईपर्यंत तेवढाच त्याचा आधार असतो. उलट गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत असतात, म्हणजे त्यांत कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो; त्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहण्याच्या किमान 4 आठवडे आधी त्या उरकाव्या लागतात, आणि नेमकं हेच राहून जातं.

फ्लूचा विषाणू बदलत राहतो, म्हणून ती लस दरवर्षी. पन्नाशीनंतर नागिणीची: लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसलेला असतो, प्रतिकारशक्ती घटली की उठतो. तिच्या नव्या, जिवंत नसलेल्या लशीचे दोन डोस 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने घेतात. साठी-पासष्टीनंतर न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची), मधुमेह, किडनीचा आजार किंवा प्लीहा काढलेली असेल तर आधीच.

हिपॅटायटिस बी लहानपणी झाली नसेल तर 0, 1 आणि 6 महिन्यांनी घ्या. मधला डोस चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका, उरलेले पूर्ण करा. घाई मात्र नको: ठरल्यापेक्षा फार लवकर घेतलेला डोस धरला जात नाही.

जुनं कार्ड हरवलं असेल, तर हिपॅटायटिस बी किंवा रुबेलाची प्रतिपिंडं रक्त तपासून कळतात. गोवराची लस नोंद नसताना पुन्हा घेतली तरी सहसा अपाय होत नाही. डॉक्टरांना ॲलर्जी, गरोदरपण आणि स्टेरॉइडसारखी चालू औषधं आधी सांगा, आणि लस घेतल्यावर 15 मिनिटं तिथेच बसा.