लग्नघर, वाळवण आणि वर धोंड्याचा महिना

या अंकासाठी आलेली निम्मी पत्रं लग्नाचीच आहेत, आणि यंदा ते होणारच होतं. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, त्यात कुणी लग्न धरत नाही, तो संपला की पाऊस दारात, मग काय, सगळ्यांनी एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा धरून ठेवलाय. हॉल मिळेना, आचारी मिळेना, भटजी सकाळी एका गावात नि संध्याकाळी दुसऱ्या. चला, पत्रांकडे वळू.

ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. तीन भाऊ एकत्र, घरात लहानथोर धरून सतरा माणसं, मी थोरली जाऊ. मधल्या दिरांच्या मुलीचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलंय, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, सहाशे पानं. बेदाणा आत्ताच कोल्ड स्टोरेजला गेला, द्राक्षबागेची खरड छाटणी (माल निघाल्यावरची) चालू आहे, आणि ऐन लग्नात सबकेनची (शेंडा खुडून उपकाडी काढायची) कामं येणार. धाकट्या दिरांचा मुलगा डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा देतोय. आणि सासूबाईंचं म्हणणं, वर्षाचं वाळवण दरसालसारखं झालं पाहिजे, शिवाय रुखवताचं वेगळं, तेही घरचंच. सगळे माझ्याकडं बघतात. मी नाही म्हटलं तर थोरलीनं अंग काढलं असं होणार. काय करू?

अहो, पहिलं म्हणजे नाही म्हणूच नका. "आत्या, एवढंच होईल" असं म्हणा, आणि ते चार माणसांत, सगळे जेवायला बसलेले असताना म्हणा, स्वयंपाकघरात एकटीला गाठून म्हटलं की त्याचं भांडण होतं.

आता "एवढंच" म्हणजे किती? कुरडयांचंच बघा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या, ऊन चढायच्या आत. म्हणजे जवळजवळ पाच दिवस घरातल्या दोन बायका त्यालाच बांधलेल्या, वर वळीव आला तर सगळं उचलून आत पळायचं. सतरा माणसांचं वर्षाचं वाळवण आणि सहाशे पानांचं लग्न एकाच महिन्यात घरच्या बायकांनी करायचं हा हट्ट आहे, रीत नव्हे. रीत काय सांगते? लग्नाआधी पाच सवाष्णींनी हळकुंड कुटायचं, जात्याला सुपारी बांधायची, सांडग्या-पापडाचा मुहूर्त करायचा. तो मुहूर्त सासूबाईंच्या हातानं थाटात करा, गल्लीतल्या बायका बोलवा, ओव्या म्हणा, ताटभर सांडगे घाला आणि तेच रुखवतात मांडा. बाकी पापड, कुरडया, शेवया गावातल्या बचत गटाला सांगा, गहू नि उडीद तुमचे द्या आणि मजुरी द्या. चव बघायला सासूबाईंना पाठवा, त्यांना तो मान हवाच असतो आणि खरंच त्यांच्याइतकं मीठ-पापडखार कुणाला कळतं?

घरचं वाळवण यंदा निम्म्यावर आणा, जगबुडी होत नाही.

दुसरं, साडेबाराचा मुहूर्त. तासगावात मेमधे साडेबाराला मांडवात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पत्रिका छापायला गेली नसेल तर भटजींना गोरज विचारा. सूर्य मावळतो सातच्या आसपास, अक्षता पडल्या की मंडळी गारव्यात जेवतील, आचाऱ्याला दुपार मिळेल, म्हाताऱ्या माणसांना झीट येणार नाही. पावण्यांना रात्री परतायचं अवघड होतं हे खरं, लांबच्या वऱ्हाडाची झोपायची सोय आधी बघा. वेळ बदलता येत नसेल तर निदान जेवणात बासुंदी-श्रीखंड ठेवू नका. दुधाचं काहीही त्या उन्हात दोन तास बाहेर राहिलं की भरवसा नाही, पहिल्या पंगतीला चांगलं नि चौथ्या पंगतीला आंबूस. जिलेबी किंवा मोतीचूर ठेवा, मठ्ठा बर्फात. मसालेभात नि साधा भात मिळून शंभर पानांना ८ ते १० किलो तांदूळ धरतात, म्हणजे तुम्हाला ४८ ते ६० किलो. आणि प्यायचं पाणी माणशी दीड लिटर धरलं तरी ९०० लिटर होतं, २० लिटरचे ४५ जार, ते आदल्या रात्री येऊन सावलीत पडले पाहिजेत. हे काम पुरुषांना द्या, नाव घेऊन द्या. "कुणीतरी बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही.

पुरुषांवरून आठवलं, तुमच्या पत्रात सतरातल्या पुरुषांनी काय करायचं ते कुठंच नाही! बाग त्यांची आहे मान्य. पण सबकेनसाठी मजुरांची टोळी आत्ताच उचल देऊन बांधून ठेवायची, तारीख सांगून, आणि लग्नाच्या चार दिवसांत बागेत कोण थांबणार तेही आत्ताच ठरवायचं. आणखी एक, न विचारलेलं सांगते. लग्नाच्या खर्चासाठी सगळा बेदाणा घाईत सौद्याला काढू नका. माल कोल्ड स्टोरेजला आहेच, तर बाजार समितीत तारण कर्जाची चौकशी करा, बेदाणा त्यात बसतो. लागेल तेवढाच विका, बाकी दर बघून.

नीटवाल्या पोराला परीक्षेपर्यंत त्याच्या मामाकडं पाठवा. पेपर मेच्या सुरुवातीला आहे, लग्नघरात कुठल्या खोलीत अभ्यास होतो? पेपर देऊन आला की त्याला पाण्याच्या जारांवर बसवा, हक्काचा माणूस.

आणि मधल्या जाऊबाईंना, म्हणजे मुलीच्या आईला, शेवटचे आठ दिवस कुठलंच काम देऊ नका. तिनं लेकीजवळ बसायचं. हे मात्र थोरली म्हणून तुम्हीच करू शकता.

मुलीचं लग्न ३० एप्रिलला. लगेच धोंड्याचा महिना. आमच्या बहिणी म्हणतात पहिलाच अधिक आहे, जावयाला ३३ अनारसे, चांदीचं ताट-निरांजन, अंगठी, पोशाख सगळं करायला लागतं. लग्नातच हात रिकामा झालाय. — एक वडील, बार्शी

दादा, याआधी अधिक आला होता २०२३ ला, श्रावणात. मी बघतेय, दर खेपेला या वाणाची यादी लांबतच चाललीये. मूळ काय आहे, तर पुरणाचे धोंडे, अनारसे आणि एक दिवा. ३३ का, तर अधिक साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, तो हिशेब. त्यात अंगठी कुठून शिरली ते सराफाला विचारा.

लेक-जावयाला जूनच्या पहिल्या आठवड्यात जेवायला बोलवा, १७ मेलाच धावायची गरज नाही, अख्खा महिना आपलाच आहे. अनारसे विकतचे चालतात, घरी करायचे तर तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून सुरुवात आहे आणि उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं, कुणाला ती दगदग लावू नका. पितळी निरांजन द्या. आणि व्याह्यांना लग्नाआधीच सरळ सांगून टाका, लग्न नि धोंडा लागून आलाय, आम्ही वाण देऊ पण साधं. बहुतेक तेही सुटल्यासारखे होतील, त्यांच्याही लेकीचं कुठंतरी होतंच असतं की. आणि समोरून मागणीच आली तर ती रीत नाही, ते हुंड्याचंच मागचं दार आहे, तिथं मुलीशी बोला, बहिणींशी नाही.

मी नवरी! पुण्यात नोकरी, लग्नाआधी फक्त आठवडाभर सुट्टी. आई-बाबांचे मिळून नातेवाईक इतके की केळवणांची यादी केलीये, दिवसाला दोन. सगळीकडं आमरस नि पुरणपोळी. ब्लाऊज आत्ताच टाइट होतोय. नाही म्हटलं तर रुसतात.

हसू आलं पण तुझी पंचाईत खरी आहे बाई. आईला सांग, मामाकडची सगळी घरं मिळून एक केळवण, काकांकडची मिळून एक, आत्या-मावश्या तिसरं. एकत्र केलं की यजमानीणबाईंचंही काम वाटून जातं, एकीनं आमरस करायचा, एकीनं बटाट्याची भाजी, आणि तू एकदाच जेवायचंस. आजीच्या वयाची एखादी एकटी राहणारी बाई असेल तिच्याकडं मात्र वेगळी जा, नुसतं पन्हं नि आंबेडाळ खाऊन ये, ती वाट बघत असते. ब्लाऊजला आतून शिवण जास्त ठेवायला सांग, शिंप्याला हे नवीन नाही.

पत्रिकेत कुणाची नावं घालायची? एकत्र कुटुंब, चुलते पाच, एक वगळला तरी लग्नात येणार नाही. — जत

सगळी घाला. वयानं क्रम लावा, शिक्षण-हुद्दा कुणाचाच लिहू नका, एकाचं "सर" लिहिलं की बाकीचे मोजायला लागतात. चिल्लर पार्टीला खाली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" मधे बसवा. प्रूफ छापखान्यात न वाचता घरी आणा आणि सगळ्यात भांडखोर चुलत्याला वाचायला द्या. आणि पाच-सहा पत्रिका आत्ताच कपाटात टाका, विवाह नोंदणीच्या अर्जाला जोडायला लागते आणि नेमकी तेव्हा अख्ख्या घरात एक सापडत नाही.