रेस्क्यू केलेला एरर डेव्हलपमेंटमध्ये दिसावा, पण प्रॉडक्शनमध्ये पान पडू नये: रेल्समध्ये हे कसं करायचं?

तुमचा कोड बाहेरच्या एपीआयकडून कुरिअरचे दर आणतो, काही बिघडलं की एरर रेस्क्यू होऊन (म्हणजे पकडला जाऊन) रिकामी यादी परत देतो. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या चुकाही लपतात. बरोबर?

आधी रेस्क्यू अरुंद करा. नुसतं रेस्क्यू लिहिलं की स्टँडर्डएरर आणि त्याखालचं सगळं पकडलं जातं, त्यात नोमेथडएररही (नसलेली मेथड बोलावल्याचा एरर) आला. माझ्याकडे एका मेथडच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. दर ‘उपलब्ध नाहीत’ असं दिसायचं आणि मी दोन दिवस नेटवर्क तपासत बसलो. म्हणून फक्त नेट::रीडटाइमआउट, नेट::ओपनटाइमआउट असे नेटवर्कचे ठरावीक एररच पकडा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तरीही सरसकट पकडायचंच असेल, तर रेस्क्यूच्या पहिल्याच ओळीत ‘रेज इफ रेल्स.एन्व्ह.लोकल?’ लिहा. हे रेल्स ७.१ पासून आहे. डेव्हलपमेंट आणि टेस्ट दोन्हीकडे खरं ठरतं. रेजपुढे काहीही लिहू नका, म्हणजे तोच एरर मूळ बॅकट्रेससकट (तो कुठून आला त्या ओळींच्या यादीसकट) वर जातो. त्याखाली प्रॉडक्शनसाठी एरर कळवणारं रेल्स.एरर.रिपोर्ट आणि मग रिकामी यादी. रिपोर्टची ओळ कृपया गाळू नका. ग्राहकाला पान दिसलं, पण बिघाड तुम्हाला कळलाच नाही, हे फार वाईट.

मात्र अशी अट प्रत्येक मेथडमध्ये चिकटवू नका, एका छोट्या हेल्परमध्ये ठेवा. आणि प्रॉडक्शनची वाट टेस्टमध्ये एन्व्ह स्टब करून (तात्पुरतं प्रॉडक्शन असल्याचं भासवून) एकदा चालवून बघाच, कारण एरवी तुमच्या मशीनवर ती कधीच चालणार नाही.