अपव्होट, म्हणजे उत्तराला वर नेणारं मत, कशासाठी द्यावा? पटलं म्हणून, आवडलं म्हणून, की उपयोगी पडलं म्हणून?

आवडलं म्हणून तर मुळीच देऊ नका. मी दिला होता, त्याबद्दल साडूंचे टोमणे अजून खातोय.

सांगलीत माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, 21 वर्षं झाली. तीनेक वर्षांमागे अशाच एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर कुणीतरी विचारलं होतं, बॅटरीत पाणी कोणतं घालावं? आपल्याच धंद्यातलं म्हणून मी रात्री बसून सगळं लिहिलं. चार्जिंगमध्ये पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं, म्हणून वरून ॲसिड ओतायचं नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, दर वेळी भर पडत जाते आणि शेवटी प्लेटा खातात. माझ्या उत्तराला मतं मिळाली 6, त्यातलं एक बायकोचं.

माझ्याच खाली एका गृहस्थाने दोन ओळी टाकल्या: ‘जावयाला देता तेच पाणी बॅटरीला द्या, आरओचं. चार्ज झाल्यावर दोघंही तापतातच.’ चारशेच्या वर अपव्होट! उत्तर चढत चढत सगळ्यात वर जाऊन बसलं. मीही खो खो हसलो आणि बाण दाबला. उत्तर साफ चुकीचं आहे हे मला कळत होतं, तरी दाबला.

आमच्या साडूंनी वरचं उत्तर वाचलं. माझ्यापर्यंत ते स्क्रोल करत आलेच नाहीत. दीड वर्षं दीडशे एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत आरओचं पाणी. चार तासांचा बॅकअप चाळीस मिनिटांवर आला तेव्हा रिक्षात घालून दुकानात आणली. मी चारचौघांत बोललो, घरात बॅटरीवाला असताना मोबाइलला विचारायला गेलात? त्यांनी शांतपणे मोबाइल काढला, मत देणाऱ्यांची यादी उघडली आणि म्हणाले, ‘पाव्हणं, यात तुमचंबी नाव हाय की.’

काय बोलणार!

एका मताने काय होतंय, असं वाटतं ना? 2013 साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एका संकेतस्थळावर कुठल्याही कॉमेंटी निवडून, पडल्या पडल्या त्यांना एक खोटं वरचं मत दिलं. शेवटी त्यांचा गुणांक सरासरी 25 टक्क्यांनी जास्त निघाला. लोक आधीचा आकडा बघून मत देतात. लग्नात सगळे उठले की आपणही ताटावरून उठतो, तसंच.

प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं स्टॅक ओव्हरफ्लो नावाचं संकेतस्थळ आहे, त्यातली मला एक गोष्ट आवडते. तिथे उत्तराच्या वरच्या बाणावर माउस नेला की ‘हे उत्तर उपयोगी आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. छान आहे, गोड आहे, असलं काही नाही. आणि एखाद्याच्या उत्तराला खाली ओढायचं तर स्वतःचा एक गुण जातो. म्हणजे रागाला किंमत लावलीय. हसण्यालाही लावली असती तर माझा एक ग्राहक नाही, पण एक नातेवाईक तरी वाचला असता. विनोद आवडला तर खाली ‘हाहा’ लिहा की, कुणी अडवलंय?

आता, हे सगळं बॅटरी, औषध, कायदा असल्या प्रश्नांचं. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची, अशा वादात पटलं म्हणून मत दिलंत तर काही बिघडत नाही. तिथे दुसरं मोजणार तरी काय? आणि न पटलेलं पण नीट मांडलेलं उत्तर वर न्यावं की नाही, यावर माझंच अजून ठरलेलं नाही.

तो अपव्होट मी त्याच संध्याकाळी काढून घेतला. साडू मात्र नव्या बॅटरीचे अर्धे पैसे अजून मागतात. हे वाचत असतील तर सांगतो: मत मी दिलं होतं, पाणी तुम्ही ओतलंत. आणि माझं उत्तर तिथे तसंच आहे, खालून दुसरं.