शिट्टी केव्हा वाजते ते आधी पाय

भाऊ, इंजिन शिट्टी मारते म्हणून लगेच गाडी यवतमाळला नेऊ नको. सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर किंचाळते अन् दोन मिनिटांत गप होते? मग बहुतेक बेल्टच, म्हणजे इंजिनावरच्या छोट्या चाकांवरून (पुलींवरून) फिरणारा रबरी पट्टा. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपड. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाही. वाढला तर बेल्ट ढिला आहे. बोनेटमध्ये वाकण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेव, हे अजिबात विसरू नको.

पाण्यानं फरकच पडला नाही, तर पुलीचं बेअरिंग पाय, म्हणजे ती ज्यावर फिरते तो आतला भाग. इंजिन बंद करून बेल्ट उतरव, एकेक पुली हातानं फिरव. खरखर लागली की तीच खराब.

डिझेल टर्बो गाडी (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) ॲक्सिलेटर दाबल्यावरच जोरात शिट्टी मारते, ओढ कमी, धूर काळा? टर्बोचा रबरी पाइप फाटला असेल. माझा क्लिपखाली नखाएवढा चिरला होता. भोवती तेलकट धूळ चिकटली होती, म्हणून सापडला. ओढ चांगली अन् शिट्टी बारीक, नेहमीसारखीच असेल, तर घाबरू नको, टर्बो तसा वाजतोच.