स्कॉटलंडच्या टार्टन कापडावरचे चौकडे खरंच प्रत्येक कुळाचे प्राचीन काळापासून ठरलेले असतात का? भेट मिळालेल्या मफलरवर एका कुळाचं नाव आहे.

चौकडे प्राचीन आहेत, पण त्यांना कुळांची नावं चिकटली ती बहुतांशी गेल्या दोनशे वर्षांत.

मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो, त्यामुळे कापड हाती आलं की आधी धागे मोजतो. टार्टनची नक्षी म्हणजे मोजणीच. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, ज्या क्रमाने, जितके धागे त्या-त्या रंगाचे लावले, त्याच क्रमाने बाणा, म्हणजे आडवे धागे, टाकायचा. या क्रमाला 'सेट' म्हणतात. बहुतेक सेट एका टोकापर्यंत जातात आणि तिथून तसेच उलटे मोजत परत येतात.

रॉब रॉय मॅकग्रेगर हे टार्टन बघा. रंग दोनच, लाल आणि काळा, पट्टे सारख्या रुंदीचे. लालवर लाल आला तिथे चौकोन भडक लाल, काळ्यावर काळा तिथे गडद काळा. हे दोन्ही मिळून निम्मं कापड. उरलेल्या निम्म्यात लाल-काळ्याची गाठ पडते. तिथे भिंग धरलं की बारीक तिरप्या रेघा दिसतात, कारण धागा दोनांवरून जाऊन दोनांखालून निघतो आणि दर ओळीला एक घर सरकतो. लांबून मात्र तिसराच, मरून रंग दिसतो. अशाने तीन रंगांतून ६ छटा मिळतात आणि सहांतून २१! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

आता कुळांचं. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला तिसऱ्या शतकातला चौकड्यांचा लोकरी तुकडा मिळाला, रोमन नाण्यांच्या मडक्याच्या तोंडात कोंबलेला. त्यात रंगवलेलं काही नाही. मेंढीच्याच फिक्या आणि गडद लोकरीचे चौकडे. पुढे राजाविरुद्धच्या जॅकोबाइट बंडानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पोशाख बंद झाला, तो १७८२ पर्यंत. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे आपापल्या टार्टनचे नमुने मागितले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि मागणी एकदम वाढली. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या कारखान्यात तर नुसत्या क्रमांकाने ओळखले जाणारे नमुनेही होते. १८४२ मध्ये दोन भावांनी जुन्या हस्तलिखितावरून म्हणून एक पुस्तक छापलं. ते बनावट निघालं, तरी त्यातले कितीतरी नमुने आज कुळांचे अधिकृत टार्टन आहेत.

तुमच्या मफलरचा सेट शोधायचा असेल तर ज्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम सारखाच दिसतो, त्या पट्ट्यापासून धागे मोजायला लागा. क्रम जिथे उलटा फिरतो, तिथे अर्धा सेट संपला.